जावेच्या सौद्यांवर अभिप्राय

आमच्या गावच्या महिला कबड्डी संघाची व्यवस्थापक माझी धाकटी जाऊ आहे. यंदा भाताची कापणी उरकल्यावर, नवा हंगाम तोंडावर आलेला असताना, मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं.

"वहिनी, तिनं दोन हंगामांत ज्या मुली दिल्या नि ज्या घेतल्या, त्यावर तुम्ही अभिप्राय लिहून द्या. सौदे जमतात का तिला? तिला ठेवायचं की बदलायचं, ते त्यावरून ठरवू."

"बदलायचं झालं तर कोण?"

"तुम्हीच की. एवढं व्यवस्थित दुसरं कोण आहे गावात?"

घरी येऊन मी कुकर लावला, वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या. कामं संपल्यावर लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. ते पद मला पहिल्यापासून हवं होतं. हाताशी कधी काही न सापडणाऱ्या बाईला ते मिळालं, हे मला दोन वर्षं खुपत होतं.

आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांची मिळून एक स्पर्धा होते. एका गावात चढाईच्या मुली भरपूर असतात, पकड करणारी एकही नसते. दुसरीकडे उलट. म्हणून स्पर्धेआधी गावं आपसांत मुलींची अदलाबदल करतात. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, मुलीच्या बदल्यात मुलगी. कागदही कुणी करत नाही. सौदा ठरला की घेणाऱ्या गावानं तिथल्या तिथं मुलीची ओटी भरायची आणि आपल्या संघाचा टी-शर्ट तिच्या हातात द्यायचा. ओटी भरली की ती हंगामापुरती त्या गावाची लेक झाली. मग शब्द फिरवता येत नाही.

या कामाला शिस्त लागते असं माझं मत होतं. माझ्याकडे आमच्या प्रत्येक मुलीची नोंद आहे. कुणाचा गुडघा दुखावलेला, कुणाची परीक्षा कधी, कुणाची न्हावा शेव्याच्या बंदरात कामाची पाळी असते, कुणाला कुठल्या मापाचे बूट लागतात. जावेकडे यातलं काही नाही. ती फोन खांदा आणि कान यांच्यात धरते, समोर कोळंबी सोलत असते आणि पलीकडच्या व्यवस्थापकाशी त्याच्या सुनेच्या बाळंतपणावर बोलत असते. मध्येच सौदा होतो. सासूबाई गुडघा दुखला की मला औषध विचारतात, पण गप्पा मारायला तिच्या खोलीत जातात. माझे यजमान तिच्या विनोदांना हसतात. तेच विनोद मी घरी सांगितले तर "हं" म्हणतात.

तर अभिप्राय. मी सोप्या जागेपासून सुरुवात केली. दिलेल्या मुलींनी नव्या गावासाठी किती गुण मिळवले आणि घेतलेल्या मुलींनी आपल्यासाठी किती, असे दोन रकाने आखले. पहिल्याच सौद्यात जाऊ सापडली. तिनं आमची सर्वांत चपळ चढाईची मुलगी उरणकडच्या एका गावाला देऊन टाकली होती आणि बदल्यात उजव्या कोपऱ्यात उभी राहणारी एक मुलगी आणली होती. त्या वेळी अर्धं गाव तिच्या नावानं ओरडत होतं. गुणांत तर दिलेली मुलगी कितीतरी पुढे निघाली. मी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

पण रकाना पुरा करायची माझी सवय. म्हणून आपण किती गुण गमावले, तेही मांडलं. कोपऱ्याची मुलगी आल्यापासून आमचा अख्खा संघ बाद होऊन लोण चढणं जवळजवळ थांबलं होतं. शिवाय चपळ मुलीला मधल्या काळात कंटेनरच्या ऑफिसात नोकरी लागली होती आणि महत्त्वाच्या सामन्यांना ती आलीच नव्हती. मला वाटलं, चला, हे तर जावेचं नशीब. नशिबाचे गुण तिला कशाला द्यायचे? खात्री करायला मी तिला विचारलं.

"नोकरीचं तुला आधी माहीत होतं?"

"हो ताई. तिची आई बाजारात माझ्या शेजारीच बसते ना."

"आणि त्या गावाला तू सांगितलं नाहीस!"

"सांगितलं की. म्हणाले, चालेल, आम्ही साहेबांशी बोलतो." ती हसली. "साहेबांनी काय ऐकलं नाही."

म्हणजे लबाडीही नाही. मी वैतागले. मग इतर गावांच्या व्यवस्थापकांना फोन लावले. कुणीतरी फसवलं गेल्याची तक्रार करेल, अशी माझी आशा होती. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "तुमच्या जावेशी सौदा केला की आपलंच साधलं असं वाटत घरी येतो. आठवड्यानं जरा शंका यायला लागते. पण पुढच्या वर्षी पहिला फोन तिलाच करतो." मी हे वाक्य टिपून घेतलं आणि कुठल्या रकान्यात घालावं ते कळेना, म्हणून समासात ठेवलं.

शेवटी ठरवलं, एक बैठक डोळ्यांनी बघायची. करंजाकडच्या एका गावाशी बोलणं व्हायचं होतं. मी अभिप्राय लिहिते आहे हे तिला माहीत होतं, तरी जाऊ लगेच कबूल झाली. "चला ताई, मलाही सोबत होईल. फक्त तिथं बोलू नका हं काही."

रेवसच्या धक्क्यावरून खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसल्यावर तिनं बेत सांगितला. आम्हाला हवी होती त्यांची डाव्या कोपऱ्यातली मुलगी. अंगानं चांगली भरलेली, पायाला मिठी मारली की सुटणं नाही.

"पण तिचं नाव काढायचं नाही," जाऊ म्हणाली. "त्यांना ती जड वाटते, राखीवमध्ये बसवतात. आपण मागितली की लगेच सोन्याची वाटायला लागेल."

"मग मागायचं काय?"

"त्यांची चढाईवाली. ती ते देणार नाहीत. चार वेळा नाही म्हणून त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. मग आपणहून म्हणतील, ही घेऊन जा. आपण एक राखीव देऊ आणि येऊ."

मी मान डोलावली. माझ्या मांडीवर पिशवी होती. जाऊ ओटीचं सामान आणणार नाही याची मला खात्री होती, आणि तिनं आणलंही नव्हतं. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या, सगळं मी घेतलं होतं. आणि आमच्या संघाचा टी-शर्ट, त्या मुलीच्या मापाचा, इस्त्री करून.

त्या संघाची व्यवस्थापक सुक्या मासळीचा धंदा करणारी साठीची बाई. जाऊ तिला मावशी म्हणते. अंगणात बोंबील वाळत होते, बाजूला तीनचार बायका जवळा, ती बारीक कोळंबी, उन्हात पसरत होत्या. आम्ही ओट्यावर बसलो. चहा झाला, मावशीच्या जावयाची नवी होडी झाली, आणि मग जावेनं अगदी सहज त्यांची चढाईवाली मागितली.

"तिला? तिला न्हाय देत गो," मावशी म्हणाली.

"द्या ना मावशी. आमच्याकडे कोण आहे?"

"अगो, ती गेली तं आमी काय सामन्याला टाल्या वाजवू?"

हे पुढेमागे बराच वेळ चाललं. मावशी प्रत्येक नकाराबरोबर थोडी मऊ होत होती, हे मलाही दिसत होतं. आता बोलणारच, असं वाटलं आणि मी पाय आवरून घेतले. पिशवी कलंडली. नारळ गडगडत बोंबलांखाली गेला आणि टी-शर्ट मावशीच्या पुढ्यात पडला.

मावशीनं तो उचलला. दोन्ही हातांनी खांद्यांपाशी धरून उलगडला. तो उलगडतच गेला.

"ह्यो कोनाच्या मापाचा गो बाय?"

त्या मापाची मुलगी अख्ख्या स्पर्धेत एकच होती. मावशीच्या डोळ्यांत ते येताना मला दिसलं. मी बेत धुळीला मिळवला होता, आणि तोही विसरभोळेपणानं नाही, सगळं आठवणीनं आणून.

"हा होय?" जाऊ म्हणाली. "हा ताईंचा. संघाबरोबर फिरायचं तर टी-शर्ट नको?"

"हिचा?"

"मग! विचारा ताईंना."

मी होकार दिला. दुसरं काय करणार?

"घालून दाव," मावशी म्हणाली.

आणि मी घातला. साडीवरून. पदर आत कोंबला. तो मला शिवून घेतल्यासारखा बसला, हे आणखी वाईट. जवळा पसरणाऱ्या बायका माखलेले हात तसेच धरून ओट्याशी आल्या. एकीनं मला वळायला लावलं आणि पाठीवरचा आकडा वाचला.

"मावशे, हीच घे ना आपल्याला! ही उभी रायली तं चढाईवाली आतच यायची न्हाय!"

"द्याल काय गो हिला?" मावशी डोळे पुसत म्हणाली.

"ताईंना?" जाऊ म्हणाली. "ताईंच्या बदल्यात तुमचा अख्खा संघ लागेल मावशी, आणि वर जावयाची होडी."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण टी-शर्ट घालून रागावलेलं दिसणं आणखी वाईट. पण आतून जळत होते. ते वाक्य लागावं असं तिनं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं ते खरंच प्रेमानं म्हटलं होतं.

हसणं ओसरल्यावर मावशी म्हणाली, "चढाईवाली न्हाय. डावा कोपरा ने. पन मना दोन पायजेत."

जावेनं जरा ओढून धरलं, मग दोन दिल्या. एक राखीव, आणि एक आमची चुणचुणीत मुलगी, जिच्यावर माझाही जीव होता. डाव्या कोपऱ्याच्या मुलीला बोलावलं. तिची आई आली. मी टी-शर्ट काढून पुन्हा त्याची घडी घातली, नारळ धुऊन आणला आणि जावेनं ओटी भरली. मुलगी लाजत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

निघताना मावशी मला फाटकाशी थांबवून हळूच म्हणाली, "ह्यो तुझा न्हाय, ते मना कलालं व्हतं."

"मग?"

"म्हनून तं दोन मागितल्या. तुजी जाऊ नसती तं तीन घेतल्या असत्या. इतकं हसवल्यावर मानसाला मागवत न्हाय."

परतीच्या तरीत जाऊ मला बोलेल म्हणून मी वाट बघत होते. चूक झाली तर मी लोकांना बोलते. तिनं शेंगदाणे घेतले, अर्धे मला दिले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी पिशवी रिकामी आणा ताई. नारळ तिथं वाण्याकडे मिळतो." मग शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाईला तिनं सगळी हकिकत सांगितली. तिच्या सांगण्यात पिशवी आपोआप कलंडली होती आणि मी धिटाईनं टी-शर्ट घालून सौदा वाचवला होता. ती बाई माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. माझ्या स्वतःच्या गोष्टी सांगून मला असं कौतुक कधी मिळालेलं नाही.

घरी येऊन मी अभिप्राय लिहायला बसले. कागदावर ताजा सौदा तिचा सर्वांत वाईट दिसत होता. दोन मुली देऊन एक आणली, तीही समोरचे राखीवमध्ये बसवत होते ती. एवढं एकच वाक्य लिहून खाली सही केली असती तरी पुरलं असतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. जाऊ काही बोलली नसती, आणि अध्यक्षांनी मावशीला फोन करून विचारलं नसतं. मी ते वाक्य लिहिलंही, चांगल्या अक्षरात. त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. मंडळाच्या खोलीत व्यवस्थापकाच्या खुर्चीवर मी बसले आहे, हेही बघून घेतलं. मग पुढे बघायला गेले. समोर मावशी बसली आहे, टी-शर्ट उलगडून विचारते आहे, आणि उत्तर मला द्यायचं आहे. मी तीन मुली देऊन आले असते, आणि घरी येऊन त्या तिघींची नोंद नीट केली असती.

मी कागद बदलला. दुसरी मुलगी माझ्या पिशवीमुळे गेली, असं लिहिलं. समासातलं मास्तरांचं वाक्य आत घेतलं. दिलेल्या-घेतलेल्या मुलींचे गुण मोजून सौदा कळत नाही, समोरच्याला काय सोडवत नव्हतं आणि ते त्यानं का सोडलं, ते बघावं लागतं, असंही लिहिलं. शेवटी, व्यवस्थापक तीच राहावी.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचलं. पिशवीपाशी लोक हसले. मग ते म्हणाले, "ठरलं तर मग. पण वहिनी, तुम्ही तिच्या मदतीला या ना. तुमची शिस्त आणि तिची जीभ."

मदतीला. म्हणजे नारळ वाण्याकडून आणायला. "विचार करून सांगते," मी म्हटलं. एरवी मी विचार करून आलेलीच असते.

घरी सांगायला गेले तर जावेचं दार उघडं होतं. सासूबाई तिच्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. ती खाली बसून कोळंबी सोलत होती आणि फोनवर कुणाच्या तरी मुलाच्या साखरपुड्याची चौकशी करत होती. मला बघून तिनं भुवया उंचावल्या. व्यवस्थापक तूच राहिलीस, असं मी हातानं खुणावलं. तिनं हसून मान हलवली आणि पाट पुढे सरकवला, बसा म्हणून. मी बसले नाही.

साखरपुड्यावरून बोलणं कबड्डीवर आलं होतं. तिनं आधी एक उंच मुलगी मागितली, मग ती नको म्हणाली, मग एका उजव्या कोपऱ्याची चौकशी केली आणि तिच्या आजीची तब्येत विचारली, मग तिसऱ्याच मुलीचं कौतुक केलं. मी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. यातली तिला नक्की कुठली हवी आहे, ते मला ओळखता आलं नाही.