चार वाजताचं केळं

वहीसाठी खोटं सांगितलं ते कदाचित पचलं असतं; माझा घोटाळा झाला तो बटण दाबण्यात.

वर्षभर गोळ्या घेऊनही छातीतली जळजळ हटत नव्हती. मी कुरकुरलो की बायको स्वयंपाकातून एकेक गोष्ट काढून टाकायची. आधी मिरची गेली, मग टमाटर, मग फोडणी. शेवटी डॉक्टरबाईंनी उपाय सुचवला : पोट न कापता, तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या तळाची सैल झडप टाके घालून आवळायची. पण आधी तपासणी. दुर्बिणीनंच आत एक इवलीशी कुपी चिकटवली आणि कमरेला यंत्र दिलं. दोन दिवस आम्ल किती वर चढतं ते कुपी कळवणार, जळजळलं की मी यंत्राचं बटण दाबायचं, आणि खाल्लेलं सगळं वेळेसकट वहीत लिहायचं.

वही बायकोकडे. माझं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट आहे म्हणे. सदर भागातल्या ऑफिसातून घरी आलो की ती चष्मा लावून विचारायची, चारला काय खाल्लं? मी म्हणायचो, केळं. तिनंच डब्यात दिलेलं. ते केळं टेबलाच्या खणात असायचं आणि मी ऑफिसखालच्या ठेल्यावर. आलूबोंडा, वरून चण्याची झणझणीत तर्री; वर्षभराचा नेम. तपासणीच्या दोन्ही दिवशीही तो मोडला नाही. शिवाय छाती पेटल्यावर मोठ्या इमानदारीनं बटणही दाबलं. चोरानंच चोरीची वेळ नोंदवली.

डॉक्टरबाईंनी आलेख दाखवला. ‘‘काका, घरच्या जेवणानंतर सगळं सपाट आहे. मग रोज सव्वाचारला हा सुळका, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही दाबलेलं बटण, हे कशाचं?’’

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, ‘‘केळंच होतं, मॅडम. मी सोता देते ना डब्यात. घरात वर्षापासून मिरची नाही. मीबी तेच खाते.’’

ती माझ्यासाठी इतक्या ठामपणे भांडत होती की खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. शेवटी यंत्राकडे बघत मी सांगितलं, ‘‘आलूबोंडा. तर्रीवाला.’’

डॉक्टरबाईंनी हसू गिळलं. झडपेला टाके घालायची गरज आत्ता तरी दिसत नाही, म्हणाल्या. आधी जिभेला आवरा, मग बघू.

प्रताप नगरातलं घर येईपर्यंत स्कूटरवर मी मागून शिव्यांची वाट पाहत होतो. त्या परवडल्या असत्या. फाटकाशी उतरून ती वही पिशवीत घालत म्हणाली, ‘‘मी वर्षभर समजून राहिली होती, माझ्याच हातचं तुम्हाले बाधते.’’