दादाचा पहारा
वहिनीचा फोन आला तेव्हा मी भिवपुरीच्या घरी भाजी चिरत होते. "वन्सं, हे गेले... शेतावरच पडले," एवढंच ती बोलू शकली. छातीत कळ आली आणि संपलं. रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं, आता केतकीचं काय? दादाला जाऊन महिना होऊन गेला, पण तो प्रश्न आठवला की अजून जीव तळमळतो.

दादा माझा थोरला भाऊ, साजगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. तिशीत त्याला बायपोलरचा आजार असल्याचं कळलं. मन चढलं की झोप उडायची. ऐन उन्हाळ्यात पळसदरीच्या शेतात मासे पाळायला तळं खणायचं म्हणून त्याने जेसीबी आणून उभा केला होता. पाणी कुठून आणणार, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मन उतरलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पुढे गोळ्यांनी सावरला, नोकरीही टिकली. पण त्याची मुलगी केतकी अकरावीत गेली आणि त्याचा पहारा सुरू झाला.

सुट्टीत केतकीने बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत रंगवायला घेतली. वेली, पाखरं, डोंगर... जेवायचंही भान नाही. दादा दारात उभा राहून बघत राहिला आणि मग त्याने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"पोरगी खुशीत हाय, तर तुमाला काय होतं?" वहिनी भडकली.

"मी पण असाच खुशीत होतो," दादा म्हणाला.

केतकी ओरडली, "बाबा, मी म्हंजे तुमी नाय!"

त्यानंतर ती मोठ्याने हसली तरी तो टक लावून बघायचा, गप्प बसली तरी बघायचा. डॉक्टर म्हणाले, तिलाही हा आजार होईल का, हे इतक्यात सांगता येणार नाही, लक्ष ठेवा. "लक्ष ठेवा म्हंजे काय गं? मी दुसरं काय करतोय?" तो माझ्यावर चिडला. नातेवाईक तर 'बापावर गेलीय' म्हणून मोकळे झाले.

गेल्या हिवाळ्यात केतकी अंथरुणातून उठेना. वहिनीने विनवलं, दटावलं, पांघरूण ओढलं. शेवटी दादा कामावर न जाता तिच्या खोलीत जमिनीवरच आडवा झाला. "उठू नको. मी पण हितंच पडतो." दार लोटलेलं. आतून त्याचा हळू आवाज येत राहिला... काही दिवसांनी ती न्हाऊन स्वयंपाकघरात येऊन बसली. काय बोललास, असं मी विचारलं तर म्हणाला, "आमच्यातलं हाय."

दादाचं कार्य उरकलं आणि केतकी पुन्हा झोपून राहिली. हे दुःख की तो आजार? वहिनीला कळेना, मला कळेना. ज्याला आतून ओळखता आलं असतं, नेमका तोच माणूस आमच्यात नव्हता. न राहवून मी तिच्या उशाशी बसले. "केतू, हे तेच आहे का गं? खरं सांग."

ती वळली. उशी ओली झाली होती. "नाय आत्या. बाबा म्हणाले होते, त्यात रडूच येत नाय. माणूस आतून लाकूड होतो. तसं झालं की लाजू नको, लगेच सांग, म्हणाले. आता तसं नाय... आता नुसते बाबा पायजेत."

मी तिला जवळ घेतलं आणि दादाचा असा काही राग आला... इतकी वर्षं तो भिंतीकडे तोंड करून पडला की त्याच्या पाठीमागे चहा ठेवून आम्ही निमूट बाहेर येत होतो. आतून लाकूड झालोय, एवढं एक वाक्य त्याला आम्हाला सांगता आलं नसतं का?