सव्वीस नंबरची काच

लॅबमधली सॅम्पलं आठवड्याने फेकून देता येतात, किस्से मात्र साचत जातात! ऐंशी सालच्या आगेमागे आगाशीत आमची दोन खोल्यांची पॅथॉलॉजी लॅब होती. डॉक्टरबाई, मी टेक्निशियन आणि मुंबईला सॅम्पलांचे, काचांचे डबे ने-आण करणारा इनास. तिघेही एक नंबरचे भित्रे.

*

बाई मुंबईच्या कॉलेजातल्या काचा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायच्या स्लाइड, अभ्यासाला आणत. मेंदूच्या ट्यूमरची काच मी पहिल्यांदा पाहिली आणि त्याच आठवड्यात माझं डोकं दुखायला लागलं.

"बाई, मला ट्यूमर झालाय!"

"आधी चष्मा लाव."

चष्म्याने डोकेदुखी गेली. भीती नाही गेली.

*

त्या काचांच्या डब्याला हात लावण्याआधी इनास छातीवर क्रूसाची खूण करायचा. बाई एकदा चिडल्या, "अरे, हा रोग लागत नाही!"

"लागत नाय, तर मग येतो कुठून?"

बाईंनी डबा स्वतःच उचलला!

*

एकदा बाईंनी आम्हाला ट्यूमरच्या काचेतले निळे ठिपके दाखवले. "या पांढऱ्या पेशी. रंगवल्या म्हणून निळ्या दिसतात. ही शरीराची फौज."

इनासने बराच वेळ पाहिलं. "मग लढत का नाय?"

"कुणी म्हणतं लढतात. मला कधीकधी वाटतं, ट्यूमरने त्यांना फितवलंय. खरं कुणालाच ठाऊक नाही."

त्या दिवशी इनासचा जेवणाचा डबा तसाच घरी गेला.

*

मग त्याच्या बायकोच्या, मेरीच्या हातून भांडी पडायला लागली. मुंबईत मेंदूचं ऑपरेशन झालं. बाईंनी पुन्हा तपासायला तिची काच मागवली, आणि ती आणली इनासनेच. नंबर सव्वीस. ट्यूमर सगळ्यात वाईट जातीचा.

"वसंता, फौज हाय का रे?"

"पुष्कळ आहे," मी म्हणालो.

तो धावत चर्चमध्ये मेणबत्ती लावून आला, येताना आम्हाला वाडीतली केळी. मी खोटं बोललो नव्हतो, तरी माझं केळं मी तसंच टेबलावर ठेवलं.

*

महिन्याभराने मेरी स्वतःच आली. डोक्याला रुमाल. "मला बघायचंय."

बाई आधी नको म्हणाल्या, मग स्टूल पुढे सरकवलं. मी फोकस लावून दिला.

"निळे ठिपके दिसतात ना, मेरी? ती तुझी फौज," बाई म्हणाल्या.

मेरीने एक डोळा मिटून खूप वेळ पाहिलं. इनास दाराला धरून उभा.

"बाई, ही सगळी नुसती उभीच हायेत. मयताला आल्यावानी." तिने मायक्रोस्कोपवरून डोळा हलवलाच नाही. "कुनीतरी सांगा ना त्यांना, मी अजून हाय म्हनून!"