धूर जाईपर्यंत आत्याबाई वडवणीला

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखन तर चौथीतच राहिलं, त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर हसू नये.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्यातच चूल. पोळा झाला आणि आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन बीडला झालं. डॉक्टरांनी पट्टी सोडताना बजावलं, "या डोळ्याला धूर लागता कामा नये." आमच्या घरात धुराशिवाय होतं काय? मग वन्सं त्यांना वडवणीला आपल्या घरी घेऊन गेल्या. एसटीत चढताना आत्याबाई मला म्हणाल्या, "धूर गेला की न्यायला ये. मला लेकीच्या घरी फुकटचं खायला लावू नको."

लोकांना वाटेल, सासू गेली म्हणून सून सुटली. पण मी कुणाशी बोलत नसे, फक्त त्यांच्याशी बोले. त्या गेल्या आणि माझं तोंडच बंद झालं.

आमच्या दूध सोसायटीत गोबरगॅसला कर्ज मिळत होतं. दूध माझ्या नावावर जायचं, म्हणून अर्जही माझ्या नावानं केला. मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, अर्ज नेऊन दिला, मी मागे उभी राहून अंगठा नाही, सही केली. सेक्रेटरी म्हणाले, "महिन्याभरात निळा जाळ पेटंल बघा." मी घरी येऊन चुलीमागची काळी भिंत त्याच दिवशी सारवून काढली. इतकी घाई झाली होती मला!

महिना गेला पाहणीत. साहेब येणार म्हणून मी तीनदा अंगण झाडलं, ते आले चौथ्या खेपेला. मग मालकांनी खड्डा खांदला, चांगला पुरुषभर खोल. वर बांधायचा तो विटांचा घुमट. तो बांधायचं शिक्षण घेतलेला गवंडी आमच्या भागात एकच होता, आणि त्याच्या हातचं काम असलं तरच अनुदान मिळे. दसरा झाला आणि गवंडी बायको-पोरांसह ऊसतोडीला गेला. मुकादमाची उचल घेतलेली, त्याला थांबता येईना. जाताना खड्ड्यात डोकावून म्हणाला, "वहिनी, गुढीपाडव्याला येतो. तवर ह्यात शेळ्या पडू देऊ नका."

पडलीच एक. त्या वर्षी पाऊस नव्हता, विहिरी आटल्या होत्या. येणारा-जाणारा खड्ड्याशी थांबून विचारी, "काय, लागलं का पाणी?" शेजारच्या काकू तर रोज घागर घेऊनच यायच्या. "पैली घागर माझी बरं का ग!" मी पदर तोंडाला लावून आत पळायची. पण आतून मला हसूही यायचं, आणि खड्डा दिसला की आनंदच व्हायचा. आपल्या दारात काहीतरी होणार आहे असं वाटायचं.

तेवढ्या काळात मी एक शहाणपण केलं. गोबरगॅसला पहिल्यांदा गाडीगाडीनं शेण लागतं असं ऐकलं होतं. म्हणून रोजचं शेण मी खड्ड्याकडेला साठवत गेले. गोवऱ्यासुद्धा थापल्या नाहीत, काकूंकडून मागून आणल्या. पाच-सहा महिन्यांत केवढा ढीग झाला! मी मनात म्हणायची, गवंडी बघून तोंडात बोट घालील.

पाडव्यानंतर गवंडी आला. सिमेंट आलं, विटा आल्या, घुमट उभा राहिला. त्याला पाणी मारायचं म्हणून टँकरच्या पाण्यातलं भांड्यांचं धुणवण साठवून मी गोणपाट ओले ठेवले. मग मोठ्या तोऱ्यात गवंड्याला ढीग दाखवला. त्यानं काडीनं उकरलं आणि हसायला लागला.

"वहिनी, हे तर खत झालं! ह्यात आता जीव न्हाई. ताजं लागतं."

"मग आधी कावून न्हाई सांगितलं?" मालक त्याच्यावर ओरडले.

"मला कुणी इचारलं का?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. तोंड उघडायची लाज. आणि आता आमचे म्हशी-बैल नांदूरघाटच्या वाटेवरच्या चारा छावणीत गेले होते. तिथं मालक राहत. आमच्या चार जनावरांच्या शेणानं टाकी भरायला पावसाळा उजाडला असता.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन छावणीत गेले. शेकडो जनावरं, शेणाचे पो जिकडेतिकडे, पण ज्याचं त्याचं. मागायचं कसं? ऊन चढेपर्यंत मी एका खांबाला धरून उभी राहिले. शेवटी एक अनोळखी बाई म्हणाली, "कावून उभी हाय ग? म्हैस हरवली का?"

मी म्हटलं, "न्हाई. मला शेण पायजे." आणि मग आत्याबाईंचा डोळा, धूर, वडवणी, खड्डा, सगळं एका दमात बोलून गेले. इतकं मी लग्नात नाव घेतानाही बोलले नव्हते.

ती बाई मागे वळून ओरडली, "आग ऐका ग! हिला सासू घरी न्यायची हाय म्हणून शेण पायजे!"

"सासू न्यायची?" कुणीतरी म्हणालं. "द्या ग बाई, असली सून बघायला मिळंना!"

हसत हसत बायांनी पाट्या भरल्या. कालवायला पाणी हवं, तर जनावरांच्या हौदातलं तळाचं गढूळ पाणी पिंपात भरून दिलं. मालकांनी गाडी जुंपली. चार दिवस खेपा केल्या आणि टाकी भरली!

पंधरा दिवसांनी घुमटात गॅस धरला. काडी लावली, तर विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. मालक खाली बसले. या वेळी मी वाट बघितली नाही, एकटी गवंड्याच्या दारात गेले आणि विचारलं. तो म्हणाला, "पैला ग्यास पेटत न्हाई, सोडून द्या. दुसरा बघा."

सोडला. दोन दिवसांनी काडी लावली आणि भप्प करून शेगडी पेटली. मी ओरडलेच! काकू घागर न घेता धावत आल्या.

दुसऱ्या सकाळी मी वडवणीची एसटी धरली. आत्याबाई दारातच गाठोडं बांधून बसल्या होत्या. "रोज बांधून ठेवायची," वन्सं म्हणाल्या. घरी आल्या त्या सरळ शेगडीपाशी. दारातून आलेल्या भर उन्हात निळा जाळ दिसेना. "आग, हे पेटलंच न्हाई!" म्हणत हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. मग स्वतः चहा ठेवला. डोळ्याला पाणी आलं, पण ते धुराचं नव्हतं.

मृगाला पाऊस झाला, म्हशी घरी आल्या, दूध पुन्हा सोसायटीत जाऊ लागलं. दुधाच्या प्रत्येक पगारातून हप्ता कापला जाई. शेवटचा हप्ता कापला त्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले, "मालकांना पाठवून द्या, सही करून कर्ज फिटल्याचा दाखला नेतील."

मी म्हटलं, "कर्ज माझ्या नावावर हाय. सही मी करते."

बाहेरच्या ओट्यावर आत्याबाई बसल्या होत्या. मी आत सही केली, वाकड्या अक्षरात, पण पूर्ण नाव. दाखल्यावर लिहिलं होतं, "बाकी काही नाही."