चौथा सिंह

सारनाथच्या संग्रहालयात अशोकस्तंभावरचे चार सिंह ठेवले आहेत. मी ते पाहत उभा असताना विदर्भातल्या एका शाळेची सहल आत आली. सरांनी मुलांना सिंहांसमोर ओळीत उभं केलं आणि वह्या उघडायला लावल्या.

“लिहा. आपल्या राजमुद्रेत तीन सिंह दिसतात. चौथा दिसत नाही.”

पुढची एक मुलगी म्हणाली, “सर, मी मागून बघून येऊ? आजोबांनी सांगितलंय, चौथ्यालाही हात जोडून ये.”

“मागे काय वेगळं आहे, बाई? तसाच आहे तो. आधी लिही.”

“जाऊ नको, चावंल!” मागून कुणीतरी ओरडलं. मुलं हसली. मुलीने मान खाली घालून लिहायला घेतलं.

नाण्यावर चौथा सिंह दिसत नाही, कारण नाणं सपाट असतं. पुस्तकाचं पानही सपाटच. इथे मात्र दगड होता, चारही बाजूंनी कोरलेला. बुद्धाने जिथे पहिला उपदेश केला, तिथे तो चारही दिशांना सांगायला हे सिंह उभे केले. त्यांतल्या एका दिशेला जायला आठ पावलं पुरली असती. दिवसभर रेल्वेत बसवून मुलांना इथे आणायचं आणि घरच्या पुस्तकातलं वाक्य उतरवून घ्यायचं, याला सहल म्हणतात.

दाराशी सरांनी वह्या तपासल्या. मुलीच्या वहीत होतं, ‘चौथा सिंह दिसत नाही.’ सरांनी त्यावर बरोबरची खूण केली.