न सुटलेली पकड

महेजबीनला विमानाची भीती वाटायला लागली तेव्हा ती स्वतः दुसऱ्यांना विमान चालवायला शिकवत होती. त्याआधी भीती म्हणजे काय हे या पोरीला ठाऊकच नव्हतं, असं तिची अम्मी माजिदा आल्यागेल्याला सांगायची. सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या गल्लीत त्यांचं घर. अब्बा अझरुद्दीन ट्रक चालवायचे. चादरी, टॉवेल भरून कधी हैदराबादला, कधी कोकणात. शाळेला सुट्टी लागली की ते पोरीला केबिनमध्ये शेजारी बसवून न्यायचे. घाटात समोरून गाडी अंगावर आली की क्लीनर डोळे मिटायचा आणि ही पुढच्या काचेला नाक लावून बघत राहायची.

बारावीनंतर तिनं पायलट व्हायचं काढलं तेव्हा गल्लीनं तोंडात बोटं घातली. पण पोरगी हट्टाची. शिकली, लायसन काढलं, आणि मोठ्या कंपन्यांमध्ये नोकऱ्या नाहीत असं दिसल्यावर माळशिरसच्या पलीकडच्या माळावर नवीनच निघालेल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायला लागली. स्कूल लहानच. पत्र्याची एक मोठी शेड, एक धावपट्टी, मोजकी विमानं, आणि तिन्ही अंगांना ऊस.

ही विमानं दोन माणसांची. शिकणारा डावीकडं बसतो, शिकवणारा उजवीकडं. दोघांच्या पुढ्यात एकेक कंट्रोल असतं, ओढलं की नाक वर आणि ढकललं की खाली नेणारं, आणि दोघांच्या पायाशी नाक डावी-उजवीकडं वळवायची पेडल. दोन्हीकडचं सगळं आतून जोडलेलं. एकानं ओढलं की दुसऱ्याचंही ओढलं जातं. महेजबीनला हे फार आवडायचं. विद्यार्थ्याचा हात थरथरला की तो तिच्या तळव्याला कळायचा.

जोतिराम वाघमोडे हा तिचा विद्यार्थी अकलूजजवळच्या एका वस्तीवरचा. तालमीत वाढलेला. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये, असं अंग. बोलणं मात्र मऊ. घरून येताना सगळ्यांसाठी पेरू आणायचा आणि स्वतः एकही न खाता बसायचा. घरचा पहिलाच पायलट होणार म्हणून गावानं चौकात त्याचा फ्लेक्स लावला होता. उडायच्या दिवशी तो सकाळी काही खात नाही, हे महेजबीनला माहीत होतं. कुणाकुणाला विमानात मळमळतं, तसंच असेल, असं तिनं धरलं होतं.

त्या सकाळी त्याचा स्टॉलचा धडा होता. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. नाक फार वर गेलं, वेग उतरला, की हवा पंखांना उचलून धरेनाशी होते आणि विमान खाली जायला लागतं. उंचावर हे मुद्दाम करून दाखवतात. कारण जमिनीजवळ, उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर, ते नकळत घडलं तर सावरायला जागाच नसते. लहान विमानांचे कितीतरी अपघात असेच होतात. उपाय साधा आहे, नाक खाली घालायचं. पण पडणाऱ्या माणसाला नाक खाली घालावंसं वाटत नाही. त्याला वर ओढावंसं वाटतं.

चार हजार फुटांवर महेजबीननं इंजिन मंद केलं. "आता हळूहळू नाक वर घे," ती म्हणाली. "धोक्याचा भोंगा वाजेल. वाजू दे. मी सांगितलं की सोडायचं."

जोतिरामनं नाक वर घेतलं. वारा ऐकू येईनासा झाला. मग भोंगा वाजला. कोंडलेलं जनावर ओरडावं तसा त्याचा आवाज असतो. विमान थरथरलं.

"सोड."

त्यानं सोडलं नाही. उलट दोन्ही हातांनी कंट्रोल छातीशी ओढलं आणि डावा पाय पेडलवर ताठ रोवला. डावा पंख खचकन खाली गेला आणि विमान गिरकी घेत खाली निघालं. समोर आभाळ होतं तिथं एकदम जमीन आली. ऊस, कालवा, रस्ता, पुन्हा ऊस, पुन्हा कालवा. सगळं गरगर फिरत वर येत होतं.

"कंट्रोल माझ्याकडे! जोतिराम, सोड!"

तिनं अंगातला सगळा जोर लावून कंट्रोल पुढं ढकललं. ते हललं नाही. आखाड्यात कमावलेले हात होते ते. तिनं उजव्या पेडलवर उभं राहावं तसा पाय दिला. तेही जेमतेम दबलं. तिनं त्याच्या मनगटावर बुक्की मारली. मराठीत ओरडली, मग घरच्या दख्खनीत ओरडली, "छोड रे, छोड!" त्याचे डोळे सताड उघडे होते आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. भोंगा थांबत नव्हता. आपण मरणार, हे तिला अगदी स्वच्छ कळलं. त्या कळण्यात रडू नव्हतं, काही नव्हतं. फक्त तोंड कोरडं पडलं होतं आणि जीभ टाळूला चिकटली होती.

मग तिचा हात आपोआप गेला आणि तिनं त्याचे डोळे झाकले. पंजा डोळ्यांवर दाबून धरला. अंधार झाल्याबरोबर तो दचकला. तिचा हात ओढून काढायला त्यानं आपले दोन्ही हात उचलले. पायही सैल पडला. तेवढं पुरलं. तिनं उजवं पेडल तळापर्यंत दाबलं, नाक खाली घातलं, गिरकी थांबेपर्यंत श्वास धरला आणि मग हळूहळू, फार हळूहळू विमान वर काढलं. ते सरळ झालं तेव्हा उसाचे तुरे वेगवेगळे दिसत होते. फडात तोड चालू होती. कोयते टाकून पळणारी माणसं तिनं पाहिली. एक बाई वर बघत जागीच बसली होती.

परत येऊन तिनं विमान नीट उतरवलं. जोतिराम शेडमागं जाऊन ओकत राहिला. मुख्य प्रशिक्षक देवदत्त आराध्ये सरांनी सगळं ऐकून घेतलं. वरिष्ठांना कळवलं, विमान बाजूला उभं करून मेकॅनिकला तपासायला लावलं. मग तिला विचारलं, "तू बरी आहेस ना?"

"हो सर."

चार दिवस रजा घेऊन ती पुन्हा कामावर आली आणि तिथून भीती सुरू झाली. खरं तर भीती वर असताना यायला हवी होती. ती आली चहा पिताना, केस विंचरताना. मिक्सर लावला की तिला भोंगा ऐकू यायचा. विमानात विद्यार्थी शेजारी बसला की तिची नजर आधी त्याच्या हातांवर जायची. तिनं स्टॉलचे धडे टाळायला सुरुवात केली. आज वारा आहे, आज ढग आहेत, उद्या बघू. उतरताना ती स्वतःचे हात कंट्रोलवरून काढेनाशी झाली. मुलांना वाटायचं आपण विमान उतरवलं. उतरवलेलं असायचं तिनं. कुणाला काही बोलली नाही. मुलगी आहे, घाबरली, असं कुणी म्हणायला नको होतं तिला.

पूनम कोष्टी नावाची एक विद्यार्थिनी होती. काडीसारखी पोर, पण हात फार हलका. एकटीनं विमान नेण्याच्या बेतात आलेली. त्या दिवशी ती छान उतरवत होती. शेवटचं वळण संपवून धावपट्टीवर टेकताना तिनं नाक किंचित वर घेतलं, घ्यायला हवं होतं तेवढंच. भोंगा वाजला नव्हता, वेगही पुरेसा होता. पण महेजबीनच्या डोळ्यांपुढं कालवा गरगर फिरला आणि तिनं काही न बोलता कंट्रोल हिसकावून पुढं ढकललं. घाबरून पूनमनं ते मागं ओढलं. जमीन जवळ असताना दोघींची झटापट झाली. विमान धावपट्टीवर आदळलं, उसळलं, पुन्हा आदळलं आणि वाकडं होऊन गवतात थांबलं. पुढच्या चाकाचा दांडा वाकला होता.

"मॅडम, माझं काय चुकलं?" पूनमनं विचारलं. तिचा ओठ फुटून रक्त येत होतं.

"काही नाही. तुझं काहीच चुकलं नाही."

इतके दिवस ती शेजारच्या खुर्चीला भीत होती. या वेळी धोका तिच्या खुर्चीत बसला होता.

ती तशीच सरांकडं गेली. "सर, मला मुलांबरोबर उडवू नका. त्या दिवसापासून मी बरी नाहीये. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"मीही एकदाच विचारलं," देवदत्त सर म्हणाले. "परत विचारायला पाहिजे होतं. घरी जा. डॉक्टरांना भेट. आणि परत यायचं की नाही ते सावकाश ठरव."

सोलापुरात आल्यावर पहिले काही दिवस ती घराबाहेर पडली नाही. नंतर पडायला लागली तेव्हा रिक्षा वळली तरी ती दांडा घट्ट धरायची. स्कूलच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा तिच्याशी बोलायच्या. एका संध्याकाळी अब्बा तिच्याजवळ येऊन बसले. नळदुर्गच्या अलीकडं त्यांचा एकदा अपघात झाला होता. गाडी तेव्हा दुसरा ड्रायव्हर चालवत होता, एवढंच घरात सर्वांना माहीत होतं.

"त्याच्यानंतर मी कुणाच्या हातात स्टेअरिंग दिलं न्हाई," अब्बा म्हणाले. "झोप आली तरी मीच. ताप असला तरी मीच. लोग बोले, अझरभाई किती जबाबदार! जबाबदार कुठला बेटा, मी घाबरत होतो. झोपेत दोनदा रस्ता सोडला मी. तुझ्या अम्मीला अजून माहीत न्हाई."

ती हसली नाही, पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

मग एके दिवशी दारात जोतिराम उभा राहिला. हातात पेरूंची पिशवी. माजिदानं त्याला आत घेतलं, चहा ठेवला. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मॅडम, मला त्यातलं कायच आठवत न्हाय बगा. तुमचा हात डोळ्यावर आला तितनं फुडचं आठवतंय. त्याच्या आदी माजे हात माजे नव्हतेच."

"तू आधीपासून घाबरत होतास?"

"लई. पयल्या दिवसापासनं. इहिरीत बी मी कदी वरनं उडी मारली न्हाय. पन सांगनार कुनाला? गावानं फ्लेक्स लावला की."

महेजबीन त्याच्या हातांकडं बघत होती. त्या हातांनी चहाची बशी दोन्ही बाजूंनी घट्ट धरली होती. तिला राग येईल असं वाटलं होतं. पण आपणही हेच केलं, एवढंच तिच्या मनात आलं. दोघंही घाबरलेले होते आणि दोघांनीही ते दाबून ठेवलं होतं. एका विमानात बसून.

ती स्कूलमध्ये परत गेली. आधी सरांबरोबर उडाली. पहिल्या स्टॉलला तिच्या हातापायांना मुंग्या आल्या आणि तिनं तसं मोठ्यानं सांगितलं. "येऊ देत," सर म्हणाले, "नाक खाली घे." पुन्हा केलं, पुन्हा केलं. भीती गेली नाही, पण ती असतानाही हात चालतात हे तिला कळलं.

मग तिनं सरांना एक गोष्ट सुचवली. शेडमधल्या बंद विमानात प्रत्येक मुलाला बसवायचं, कंट्रोल घट्ट आवळायला लावायचं आणि मध्येच ओरडायचं, "माझ्याकडे!" त्यानं लगेच हात मांडीवर आणि पाय मागं घ्यायचे. हे कधी आरडाओरड करून, कधी पत्रा बडवून, कधी बोलताबोलता. डोकं सुन्न झालं तरी हातांना सवय राहिली पाहिजे. जोतिराम हे सगळ्यांत जास्त वेळा करायचा. जेवणाच्या सुट्टीतही.

पुन्हा त्याच्याबरोबर उडायची वेळ आली तेव्हा दोघांनीही सकाळी काही खाल्लं नव्हतं. वर गेल्यावर तिनं विचारलं, "भीती वाटते?"

"व्हय मॅडम. लई."

"मलाही."

भोंगा वाजला. विमान थरथरलं. तिला त्याचे खांदे चढताना दिसले, गळ्याची शीर ताठलेली दिसली. "माझ्याकडे!" ती ओरडली आणि त्याचे हात मांडीवर आले. चटकन, दोन्ही. तिनं नाक खाली घातलं. वारा पुन्हा ऐकू यायला लागला. शेजारी तो रडत होता. तिनं त्याला रडू दिलं आणि विमान सरळ धरून ठेवलं.

त्यानंतर जोतिरामनं उडणं सोडलं. स्वतःहून सोडलं. गाव काय म्हणायचं ते म्हणालंच. तो आता पुण्याकडं विमानांच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतोय आणि स्क्रू आवळताना फार जोर लावतो म्हणून बोलणी खातो.

महेजबीन अजून त्याच माळावर शिकवते. पूनम तिच्याच हाताखाली शिकून एकटीनं उडाली. त्या दिवशी महेजबीन धावपट्टीच्या कडेला उभी होती आणि ते विमान उतरून धावपट्टीवर थांबेपर्यंत तिला धड श्वास घेता आला नव्हता. नवीन मुलं आली की ती पहिल्याच दिवशी सांगते, "मला भीती वाटते. तुम्हालाही वाटेल. वाटली की तिथल्या तिथं बोलायचं." काही मुलं हसतात. काही गप्प बसतात. ती गप्प बसलेल्यांची नावं विचारून घेते.