देओलिंदाचे शेरे

आम्ही आदरानं 'कराई' म्हणतो ते पाब्लिनो ओव्हेलार छापखान्यात एकतीस वर्षं खिळे जुळवत होते. छापखाना बंद झाला, बायको देओलिंदा वारली, मुलगी ब्वेनोस आयरेसला कामाला गेली. आमच्या नदीकाठच्या बान्यादो वस्तीत दाराशी तेरेरे, म्हणजे चारचौघांत फिरवून प्यायचा थंड काढा, एकट्यानं पिणारा माणूस तेवढा एकच.

वस्तीची वेबसाइट आम्ही बायकांनी उभी केली. ऐपत नव्हती, म्हणून मुक्त प्रणाली घेतली. वर्डप्रेस, जूमलाच्या जातीची, पण लहान. तिचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. पानं, फोटो, मांडणी ती सांभाळते. आपण मजकूर लिहायचा आणि बटण दाबायचं. घोडं तिथंच अडलं. बटणं सगळी स्पॅनिश, आम्ही घरीदारी बोलतो गुआरानी. आमच्यातली वयानं मोठी, म्हणून 'न्या' कांदिदा, पुराची सूचना गुआरानीत झकास लिहायची, पण बटणाला हात लावायची नाही. "सगळं उडालं म्हणजे? तूच दाब बाई, तुला भांडायची सवय आहे."

म्हणून ती प्रणाली गुआरानीत आणायचं काम कराई पाब्लिनोंनी अंगावर घेतलं. दोन वर्षांत अकराशे वाक्यं केली. एकही लागू झालं नाही. भाषांतर करणाऱ्यानं स्वतःचं काम मान्य करायचं नाही, भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या कुणी ते तपासायचं, असा तिथला नियम. त्यांनी मला तीनदा विचारलं. मी फटकारलं, "मोर्चे सांभाळू की तुमची बटणं?" चूक माझी.

मग मार्चमध्ये वाक्यं भराभर मान्य व्हायला लागली. तपासणारीचं नाव: देओलिंदा.

मी तडक त्यांच्या घरी. "कराई, गेलेल्या बाईच्या नावानं खातं काढलंत?"

"तिचं गुआरानी माझ्याहून चांगलं होतं," ते म्हणाले. "बघ तरी."

बघितलं. ओठांवर आलेल्या शिव्या गिळल्या. देओलिंदानं त्यांची एकशे चाळीस वाक्यं परत पाठवली होती. खाली शेरे: 'बाजारात कोण असं बोलतं?' 'हे छापखान्यातलं झालं. पुन्हा कर, म्हाताऱ्या.' त्याखाली त्यांचं उत्तर: 'बरं.' एका शब्दावर दोघांचा वाद चार दिवस चालला होता.

आठवड्याभरात प्रणालीच्या व्यवस्थापकांनी ओळखलं की दोन्ही खाती एकाच यंत्रावरची. देओलिंदाचं खातं शेऱ्यांसकट पुसलं, मान्यता रद्द केल्या. मी त्यांना लिहिलेलं पत्र इथं छापण्यासारखं नाही. उत्तर मात्र सभ्य आलं: खरा माणूस आणा.

मग मीच बसले, शेजारी न्या कांदिदा. पाच आठवडे एकेक वाक्य मोठ्यानं वाचलं. परत पाठवण्यासारखं एकही निघालं नाही.

"हे कुण्या पुरुषानं लिहिलंय असं वाटत नाही गं," न्या कांदिदा म्हणाली.

अकराशेही मान्य झाली. न्या कांदिदानं पुराची सूचना स्वतः प्रसिद्ध केली आणि दिवसभर गल्लीत सांगत फिरली.

मी कराईंना सांगायला गेले. चांगलं झालं, म्हणाले. मग विचारलं, "ते शेरे परत आले का?"

"नाही, कराई. ते पुसले गेले."

"एकही नाही?"

"नाही."

त्यांनी पडद्यावरच्या मान्यतेच्या हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.

"सगळंच मान्य केलंत तुम्ही," ते म्हणाले. "एखादं तरी परत पाठवायचं होतं."